ओढणं सोपं, थांबवणं अवघड

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी एस. टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. त्यातली बरीच वर्षं कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर, आंबा घाटात गेली. आज मला बोलायचं आहे ते गाडीला मागं दुसरी गाडी जोडून ओढण्याविषयी. विषय तसा रोजचाच. उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवरून एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या डुलत जाताना आपण सगळेच बघतो. पण त्यातली खरी गोम मला कळली ती अमेरिकेत, नोकरीतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाल्यावर.

माझी लेक आणि जावई डेन्व्हर शहरात राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो होतो. त्यांचे शेजारी एक निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडं एक दणकट पिकअप आहे. पिकअप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं भाजी वाहणारी छोटी गाडी येते. ही तशी नव्हे. नुसत्या गाडीचंच वजन साडेतीन टनांच्या आसपास, डिझेलचं भलं मोठं इंजिन आणि मागं जोडायला चाकांवरचं एक अख्खं घर. त्यात पलंग, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, सगळं. त्याचं वजन दहा हजार पौंड, म्हणजे साडेचार टन.

मी ड्रायव्हर होतो हे कळल्यावर शेजाऱ्यांनी आग्रह केला, ‘चला आमच्याबरोबर, दोन दिवस डिलन तलावावर राहून येऊ.’ माझं इंग्रजी डेपोपुरतं. म्हणून दुभाष्या म्हणून जावई मागच्या सीटवर, आणि ड्रायव्हरशेजारी मी.

निघायच्या आधी त्यांनी जे केलं ते मी हात मागं बांधून बघत राहिलो. पिकअप उलटी घेऊन ट्रेलरच्या हुकाखाली नेमकी आणायची होती. आपल्याकडं त्यासाठी एक पोरगा मागं उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो, आणि कधी कधी त्याचाच हात मध्ये सापडतो. इथं मागच्या कॅमेऱ्यानं पडद्यावर रेघ दाखवली, त्या रेघेवरून गाडी मागं आली आणि हूक बरोबर गोळ्यावर. मग ट्रेलरसकट गाडी रिव्हर्स घ्यायची होती. ज्यानं कधी ट्रॉली मागं घेतली आहे त्याला माहीत आहे, की ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. नव्या माणसाला तिथंच घाम फुटतो. या गाडीत एक छोटी गोल खुंटी होती. ट्रेलर जिकडं न्यायचा तिकडं खुंटी फिरवायची, स्टिअरिंगचं उलटसुलट गणित गाडी स्वतः करते. फोर्ड कंपनीनं ही सोय २०१६ च्या पिकअपमध्ये पहिल्यांदा दिली. जनरल मोटर्सच्या २०२० च्या दणकट पिकअपमध्ये तर कॅमेऱ्यांची चित्रं अशी जुळवली, की मागचा ट्रेलर जणू काचेचा आहे आणि त्याच्या आरपार रस्ता दिसतो आहे.

मला वाटलं, आता काय, बसायचं आणि निघायचं. पण शेजाऱ्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्यावर खुणा करत गाडीभोवती फिरले. हुकाची पिन बसली का? दोन साखळ्या हुकाखालून एकमेकींना ओलांडून अडकवल्या का? त्या तशा अडकवतात, कारण हूक निसटला तर ट्रेलरचा दांडा रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडतो. मग एक बारीक तार. ट्रेलर सुटून मागं राहिला तर ही तार ओढली जाते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीच्या जोरावर त्याचे ब्रेक आपोआप लागतात. मागचे दिवे, टायरची हवा, सगळं तपासलं. मी जावयाला म्हटलं, ‘विचार त्यांना, एवढे कॅमेरे असताना कागद कशाला?’ ते हसले. म्हणाले, ‘कॅमेरा मला पिन दाखवतो, लावत नाही.’

अजून एक गोष्ट निघाली. पडद्यावर आकडा आला की हुकावर वजन कमी पडतंय. असा ट्रेलर ओढताना त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. साडेचार टनांच्या ट्रेलरला साडेचारशे ते पावणेसातशे किलो. कमी पडला, म्हणजे सामान मागं जास्त झालं, की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. एकदा ते हेलकावे वाढले की मागची गाडी पुढच्या गाडीला घेऊन रस्त्याबाहेर जाते. अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं हळूहळू लावायचा. नव्या गाड्यांत संगणक हेलकावा ओळखून स्वतःच चाकांना वेगवेगळा ब्रेक लावतो. पण आमच्या शेजाऱ्यांनी संगणकावर न सोडता मागची लाकडं आणि पिंपं उचलून पुढं आणली. अर्धा तास गेला. कुणी कुरकुर केली नाही.

श्रोतेहो, माझ्या मनात तेव्हा आपला साखर कारखाना आला. तिथं वजनकाट्यावर उसाचं वजन किलोकिलोनं होतं, कारण त्यावर पैसे मिळायचे असतात. पण ते कारखान्यात पोचल्यावर. रस्त्यावर निघताना किती भरलंय आणि कुठं भरलंय, हे कोण मोजतं?

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर आहे. तिथून पश्चिमेला निघालेला महामार्ग चढत चढत सुमारे चौतीसशे मीटरवर जातो आणि डोंगर पोखरून केलेल्या आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडं निघतो. हा बोगदा १९७३ साली सुरू झाला. चढताना गाडीला काही वाटलं नाही. मागं साडेचार टन आहेत हे विसरायला झालं. मी कौतुक केलं, तर शेजारी म्हणाले, ‘चढाचं कौतुक नको. उतार बघा.’

बोगद्यातून बाहेर पडलो आणि सुमारे सात टक्क्यांचा उतार सुरू झाला. शंभर मीटर पुढं गेलं की सात मीटर खाली. कडेला मधूनमधून खडीनं भरलेले चढ दिसले. ब्रेक गेलेल्या ट्रकनं त्या खडीत घुसून थांबायचं, अशी ती सोय. मी सवयीनं उजवा पाय फळीवर दाबून बसलो. शेजाऱ्यांचा पाय मात्र ब्रेकवर नव्हताच. बोगद्याच्या आधी त्यांनी एक बटण दाबलं होतं. त्यानं गाडी आपण होऊन खालच्या गिअरमध्ये आली आणि एक्झॉस्ट ब्रेकनं धुराची वाट आवळून इंजिनानंच गाडीला धरून ठेवलं. आम्हाला एस. टी.त शिकवलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. तेच हे. फक्त आता मशीनला पाठ झालेलं.

मध्ये एकदा वेग वाढला तेव्हा त्यांनी ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. मला वाटलं होतं मागून धक्का बसेल. ट्रॉली ढकलते तसा. बसला नाही. उलट मागून कुणी दोरी धरून ओढावं तसं वाटलं. मी विचारलं, ‘हे काय?’ ते म्हणाले, ‘ट्रेलर स्वतःचा ब्रेक स्वतः लावतो.’ ट्रेलरच्या चाकांत विजेची लोहचुंबकं असतात. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की पिकअपमधून त्यांना वीज जाते, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटतं आणि ब्रेकचे शू दाबले जातात. पूर्वी यासाठी वेगळी डबी बसवून घ्यावी लागे. २००५ पासून ती पिकअपमध्ये कारखान्यातूनच येऊ लागली. जितका ट्रेलर जड, तितका ब्रेकचा जोर वाढवून घ्यायचा.

श्रोतेहो, त्या उतारावर मी गप्प झालो. जावयाला वाटलं मला उंचीचा त्रास होतोय. पण मला आमच्या गावचा माळावरचा उतार आठवत होता.

१९९४ च्या जानेवारीतली गोष्ट. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून रात्रीचा ऊस घेऊन चालला होता. ट्रॅक्टरचं वजन दोन टन, आणि मागं पंधरा-वीस टन ऊस. ट्रॉल्यांना ब्रेक नावाला नाही. दहिवरानं रस्ता ओला. उतारावर मागच्या ट्रॉल्यांनी ट्रॅक्टर ढकलला, तो आडवा झाला आणि ओढ्यात गेला. दादा वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. ट्रॅक्टर विकून कर्ज फेडावं लागलं. सगळं गाव म्हणालं, डिझेल वाचवायला त्यानं न्यूट्रल केला असणार. दादा म्हणायचा, ‘गिअर दुसऱ्यात होता.’ मी घाटातला ड्रायव्हर, मी काय म्हणालो असेन? मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून म्हणालो, ‘दुसऱ्यात असता तर गेला नसता.’ त्यानंतर तो त्यावर कधी बोलला नाही. मीही नाही.

मी चालवली ती एस. टी. माझी बस हे एकच धूड होतं, तिच्या सगळ्या चाकांना ब्रेक होता. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी वीस टन कसे थांबायचे, याचा मी कधी विचारच केला नव्हता. गिअर दुसऱ्यात असला तरी चाकं घसरतात. त्यातून वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारी ताकद चौपट होते. ताकदीचा प्रश्न नसतोच. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेनं २००८ साली पिकअपनं किती ओढावं याचं मानक केलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा अठरा किलोमीटरचा चढ, अडतीस अंशांच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायला लावतात. आज काही पिकअप पंधरा टनांहून जास्त ओढतात. पण त्या प्रत्येकीच्या मागं स्वतःचा ब्रेक असलेला ट्रेलर गृहीत धरलेला असतो.

तलावावर पोचल्यावर मी दादाला फोन लावला. तिकडं पहाट होती. मी विचारलं, ‘दादा, त्या रात्री गिअर दुसऱ्यात होता ना?’ थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाला, ‘होता. तेवढं विचारायला अमेरिकेला जावं लागलं व्हय तुला?’ मी म्हटलं, ‘माझं चुकलं.’ तो म्हणाला, ‘असू दे. पोरांना सांग.’

म्हणून आज सांगतोय. कॅमेरे आणि खुंट्या आपल्या ट्रॉलीला लागणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. ट्रॉलीला ब्रेक लागतो. त्याला वीज हवीच असं नाही. ट्रॉली पुढं ढकलू लागली की हुकाजवळचा दांडा आत दबतो आणि त्याच दाबानं ट्रॉलीचा ब्रेक लागतो, अशी साधी रचना जगात कधीपासून वापरात आहे. हवेच्या ब्रेकच्या ट्रॉल्याही असतात. नवी ट्रॉली घेताना रंग आणि नाव कोणतं टाकायचं हे ठरवण्याआधी, ब्रेक कुठला आहे ते विचारा. पिनेबरोबर साखळी लावा. मागं रिफ्लेक्टर आणि चालू दिवा हवाच, नाहीतर अंधारात मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती धडकल्यावर. उताराच्या आधी गिअर खाली घ्या. आणि दुसरी ट्रॉली लावण्यापूर्वी, पहिली थांबते का ते बघा.

आमचा दादा आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे. हंगामात संध्याकाळी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसतो. ट्रॉली घेऊन जाणाऱ्या पोरांना हात करून थांबवतो आणि विचारतो, ‘ब्रेक हाय का रं मागं?’ पोरं हसतात आणि जातात. पण परवा त्यातला एकजण उतरून मागं जाऊन बघून आला, असं दादानं मला फोनवर सांगितलं.