पानाचे तबक आणि समाजाचे आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, वधू-वर परिचय आणि जमाखर्चाचे वाचन हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत. यंदा आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत गेलेले आयुष्य, एवढीच आमची शिदोरी. यास्तव औषधोपचार सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्या रोगाचा आरंभ आपल्या ओसरीवर आणि आपल्याच मांडवात होतो, त्या रोगाविषयी तेवढे बोलू.

आपल्यापैकी जे वयोवृद्ध आहेत त्यांस नारू आठवत असेल. पायातून हातभर लांबीचा दोरा निघावा आणि ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस खाटेला खिळावा, असा तो रोग. त्यावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. तरीही तो गेला. लोक पाणी गाळून पिऊ लागले, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद झाले, हातपंप आले, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. वैद्याच्या पेटीत उपाय नसलेला रोग समाजाने सवय बदलून घालविला. ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी, कारण आजच्या आमच्या म्हणण्याचा पाया तोच आहे.

आज आपल्या घरात शिरलेले रोग निराळे आहेत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग यांची साथ येत नाही, दवंडी पिटत नाही. ते वर्षानुवर्षे मुकाट्याने अंगात मुरतात. या सर्वांचे कारण एकच आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तोंडाचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात या तिहींच्या मुळाशी हात घालणारी एक वस्तू आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली मिळते. ती म्हणजे तंबाखू, आणि आपल्याकडे तिचे प्रचलित रूप म्हणजे खर्रा.

तंबाखू म्हटली की चित्रात विडी किंवा सिगारेट दाखविण्याची पद्धत आहे. परंतु २०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शेकडा ३.८ आढळले, तर तंबाखू चघळणारे, मळणारे वा दातांस लावणारे शेकडा २४.४ आढळले. म्हणजे धुराच्या सहापट तंबाखू आपण तोंडात धरतो. स्त्रियाही यातून सुटलेल्या नाहीत. शेकडा १७ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू सेवन करतात. पहाटे चुलीपुढे बसून मिसरी लावणारी आजी स्वतःस व्यसनी समजत नाही आणि घरातले कोणीही तिला तसे म्हणत नाही.

खर्ऱ्याची घडण आपणांस सांगण्याची गरज नाही. फोडलेली सुपारी, सुगंधित तंबाखू आणि चुना एकत्र करून पन्नीत घोटला की झाला खर्रा. परंतु हे त्रिकूट शरीरात काय करते ते मात्र सांगितले पाहिजे. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटिन गालाच्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. ते नाडी व रक्तदाब वाढविते आणि मेंदूस पुन्हा पुन्हा मागणी करावयास लाविते. तंबाखूत कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये आहेत. सुपारीलाही निरुपद्रवी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीसही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ अस्तर हळूहळू दोरखंडासारखे ताठ होते. प्रथम तिखट सोसत नाही, मग जांभई पुरती देता येत नाही आणि शेवटी घास आत जात नाही.

आमच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी आज ऐन तिशीत आहे. वर्गात त्याची कविता म्हणण्याची ढब अशी होती की शेजारच्या वर्गातली मुले खिडकीशी येत. आज त्याच्या तोंडात एक बोट जेमतेम जाते. भाकरी दुधात कालवून खावी लागते. त्याने कधी विडी ओढली नाही, दारूस स्पर्श केला नाही. त्यामुळे त्याच्या घरी सर्वांस तो निर्व्यसनीच वाटत होता. खर्ऱ्यास आपण व्यसनांच्या यादीत घातलेच नव्हते.

कोणी म्हणेल, मग सरकार काय करते? सरकारने कायदे केले आहेत. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करणे यांस मनाई आहे. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखा व पानमसाला यांवर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारी यांसही बंदीत घातले. परंतु कारखान्यातून निघालेली पुडी पकडता येते. पानठेल्यावर गिऱ्हाइकापुढे घोटलेला खर्रा दर घडीस कोण पकडणार? कायद्याचा हात जेथे थांबतो तेथून समाजाचे काम सुरू होते.

हे काम होऊ शकते याचे दाखले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील एर्नाकुलमसह ग्रामीण भागांत सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांत काम केले. माणसामाणसांस भेटून समजाविले, त्यांची तोंडे तपासली आणि पुनःपुन्हा तपासली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडात नव्याने उठणारे पांढरे चट्टे कमी झाले. यातील मर्म असे की एका भाषणाने कोणी तंबाखू सोडीत नाही. परतून विचारपूस करणारे माणूस लागते. आमच्या या भाषणासही तोच न्याय लागू आहे.

दुसरा दाखला विदर्भातलाच, गडचिरोलीचा. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासन व टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने २०१६ साली ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम आरंभिला. दारू व तंबाखू यांविरुद्ध लोकजागृती, गावाने एकत्र बसून घेतलेला निर्णय, कायद्याची अंमलबजावणी आणि सोडू इच्छिणाऱ्यास उपचार, अशी त्याची चार अंगे आहेत. नुसता उपदेश किंवा नुसती बंदी यांपैकी एकावर तो उभा नाही. रक्तदाबाचेही तसेच. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाखाली रुग्णांची नोंद ठेवून, ठरावीक गोळ्या देऊन, न येणाऱ्यांचा पाठपुरावा करण्याची पद्धत बसविण्यात आली. गोळी महत्त्वाची खरीच, परंतु दर महिन्यास आठवण करून देणारा माणूस तितकाच महत्त्वाचा.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे लग्न असो वा तेरवी, पंगत उठली की तबक फिरते. त्यात विडा असतो, सुपारी असते आणि अलीकडे घोटलेला खर्राही असतो. तो न ठेविल्यास यजमान कंजूष ठरतो. काहींच्या मते ही परंपरा आहे. आम्ही नम्रपणे सांगतो की तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली. आपल्या पूजेच्या विड्यात तिला स्थान नाही. पूजेतील अखंड सुपारी कलशापुढे राहो, तिला कोणी चघळीत नाही. परंतु मांडवातील तबकात मृत्यूची सामग्री मांडून तिला आदरातिथ्य म्हणणे समंजस ज्ञातीस शोभत नाही.

दुसरी गोष्ट मुलांची. ‘बाळ्या, जा, एक खर्रा घेऊन ये,’ असे म्हणून आपण दहा वर्षांच्या मुलाच्या हाती नोट देतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. शिक्षेचे भय बाजूस ठेवू. ज्याने ती पुडी नित्य हाताळली तो तिला निषिद्ध कशी मानील?

तिसरी गोष्ट हिशेबाची. वीस रुपयांचा एक, असे दिवसास तीन खर्रे धरले तर वर्षाचे २१,९०० रुपये होतात. कपाशीच्या भावासाठी आपण क्विंटलमागे शंभर रुपयांवरून भांडतो आणि एवढी रक्कम थुंकून टाकतो.

आमच्या चार सूचना मंडळाने विचारात घ्याव्यात. पहिली, आपल्या ज्ञातीतील लग्ने, तेरव्या व सभा यांत तबकात बडीशेप, खडीसाखर, लवंग, वेलची एवढेच असावे, आणि त्याची सुरुवात पदाधिकाऱ्यांच्या घरच्या कार्यापासून व्हावी. श्रीमंताने प्रथम बंद केले तर गरिबास कंजूष म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. दुसरी, दरवर्षी याच संमेलनात तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, रक्तदाब व साखर यांची तपासणी व्हावी. यवतमाळास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगावी आशाताई आहेत. त्यांच्याकडे ही तपासणी होतच असते, आपण फक्त माणसे जमवावयाची. तिसरी, मुलांस खर्रा आणावयास पाठविणार नाही, असा प्रत्येक कुटुंबाने निश्चय करावा. चौथी, जो सोडू इच्छितो त्याची थट्टा न करता त्यास दोन सोबती नेमून द्यावेत. पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश होतो. तो आजाराचा उतार समजावा. १८००-११-२३५६ या शासनाच्या विनामूल्य क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते.

एक शंका राहते. पानठेला चालविणारे काही आपलेच बांधव आहेत. त्यांस शत्रू लेखून हे कार्य होणार नाही. त्यांच्या चुलीचा प्रश्न खरा आहे. त्यांस चहा, फळे वा किराणा यांकडे वळता यावे यासाठी मंडळाने बिनव्याजी हातउसने देण्याचा विचार करावा. ज्याची भाकर आपण काढून घेतो, त्यास दुसरी भाकर दाखविणे हे आपले कर्तव्य होय.

भगिनींस विशेष विनंती. स्वयंपाकघर आणि लग्नाची यादी आपल्या हाती आहे. तबकात काय असावे हे शेवटी आपणच ठरविता. आणि बंधूंनो, आज घरी गेल्यावर आरशापुढे उभे राहून स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. ती जात नसतील, अथवा गालात पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर वेदना नाही म्हणून थांबू नका. या रोगात आरंभी वेदना नसतेच. लवकर गाठला तर तो बरा होण्याची आशा पुष्कळ असते. उशीर झाला तर जबडा काढावा लागतो.

 वर मांडलेल्या सूचनांपैकी पहिली सूचना आजच्या सर्वसाधारण सभेत ठरावरूपाने यावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.