विक्रीचा जुना वाडा पारखताना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस नेमून दिलेला विषय पांडित्याचा नव्हे, व्यवहाराचा आहे. सोलापूरच्या जुन्या पेठांतील वाडे विक्रीस निघत आहेत. मुले पुण्या-मुंबईस, घरी वृद्ध दोघे, आणि माळवदाची निगा राखणारे हात उरलेले नाहीत, अशी पुष्कळ घरांची स्थिती आहे. पूर्वी वाडा असेल तसा विकला जाई. आता कित्येकदा मध्यस्थच तो आधी घेतो, त्याचे नूतनीकरण करतो आणि 'ऐतिहासिक वास्तू' असे म्हणून चढ्या भावाने गिऱ्हाइकापुढे ठेवतो. घेणारा पुष्कळदा आपल्यापैकीच कोणी निवृत्त गृहस्थ असतो, आणि त्यात त्याची जन्माची पुंजी गुंतते.

नूतनीकरण म्हणून जे केले जाते ते सारे एका जातीचे नसते. रावबहादूर मल्लप्पा वारद यांचे इंद्रभुवन आज महानगरपालिकेच्या ताब्यात आहे. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९१० साली ज्या घरात जन्मले, तेथे त्यांचे स्मारक झाले आहे. अशा वास्तूंची दुरुस्ती, पुढेही तीच वास्तू ज्याला सांभाळावयाची आहे, तो करवितो. आत काही सडके राहिले तर त्याची झळ त्यालाच लागावयाची असते. विक्रीसाठी केलेल्या दुरुस्तीत ती झळ दुसऱ्यास लागते. म्हणून अशा वाड्यात नवे काय केले आहे, यापेक्षा जुने काय झाकले आहे, हे पाहणे अगत्याचे होय.

आमचा अनुभव असा की, पाहुणे दिवाणखान्यातील झुंबराखाली बसतात आणि माळवदावर कोणी चढत नाही. वास्तविक आपल्या कोरड्या मुलखातील वाड्याचे सारे गुणदोष तेथेच असतात. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर फूट-दीड फूट माती, शेवटचा थर पांढऱ्या मातीचा, अशी ही रचना. उन्हाळ्यात हिच्यासारखी सावली नाही. परंतु गळती लागली की वर आणखी माती टाकण्याची चाल पडली, आणि दर पिढीगणिक ओझे वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हे ओझे काय करू शकते ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत दाखविले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, त्यांच्याबरोबर जड माळवदे आली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्याच गावांत जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भिंतीवर न विसंबता आपल्या पायांवर उभा होता, तेथे भिंती पडूनही छप्पर तोलून राहिल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा जुनी माती न काढता तिच्यावर सिमेंटचा कोबा किंवा गच्ची घातलेली दिसली, तर ती दुरुस्ती नसून नवा भार आहे असे समजावे, आणि तुळया मधोमध वाकल्या आहेत का ते दोरी लावून पाहावे.

आणखी एक गोष्ट. वाडा चैत्र-वैशाखात दाखविला जातो, कारण तेव्हा सर्व कोरडे असते. सोलापूरचा पाऊस मोठा पडतो तो बहुधा भाद्रपद-आश्विनात. हस्ताच्या सरी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. पन्हळीचे तोंड, सवण्याच्या कडा आणि छताखालचे कोपरे पाहावेत. ज्यास विकण्याची फार घाई आहे, तो तोवर थांबणार नाही. पण त्यावरूनही काही कळते.

खांबाचे डोके सर्वजण पाहतात, कारण नक्षी तेथे असते. आपण पाय पाहावा. दगडी उथळ्यावर जेथे लाकूड टेकते, तेथे ओल धरते आणि वाळवी शिरते. नवा गडद तैलरंग दिसला तर मुठीने ठोकावे, टोच्याने हलकेच टोचावे. निरोगी सागवान टोचा सहजी आत घेत नाही. मालकाने हरकत घेतली तर आपण तेथेच उठावे, हे बरे.

भिंतींविषयी थोडक्यात इतकेच की, चुन्याची किंवा मातीची जुनी भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो. मग वर्ष-दोन वर्षांत जोत्यावर हातभर उंचीपर्यंत लोणा लागतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. जुन्या भिंतीवर खालून तेवढाच पट्टा नवा गिलावा केलेला आढळला, तर कारण विचारावे.

आता कागदपत्र. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ साली झाला. त्यातील ५५ व्या कलमान्वये विक्रेत्याने दोष सांगितला पाहिजे, पण कोणता? जो त्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास साधारण दक्षतेने कळला नसता, तो. जो पाहिला असता तर दिसला असता, त्याविषयी मागाहून तक्रार उभी करणे कठीण जाते. म्हणून वर सांगितलेली पाहणी केवळ हौस नव्हे. देवडीलगतच्या खोलीत जुना भाडेकरू असेल, तर खरेदीखताने तो उठत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्याच्या पाठीशी असू शकते. रंगसफेदीत त्याचे बिऱ्हाड पडद्याआड गेलेले असले तरी ते तेथेच असते.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती आपल्या घरांतलीच आहे. वडिलोपार्जित वाड्यात २००५ च्या दुरुस्तीने मुलीस जन्मतःच मुलाइतका हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. तरी विक्रीच्या बैठकीस भाऊच तेवढे बसतात, सासरी गेलेल्या बहिणींस निरोपही नसतो. घेणाऱ्याने मालमत्ता पत्रक व दुय्यम निबंधकाकडील नोंदी वकिलाकडून तपासून घ्याव्यात, वारसांची नावे मागावीत, आणि अक्कलकोटास किंवा पंढरपुरास दिलेल्या बहिणीस स्वतः जाऊन भेटावे. तिची संमती हाती येईपर्यंत विसाराची रक्कम देऊ नये.