मनी का चावली?



आमच्या कर्जत-खालापूर भागात मांजर हौसेपेक्षा गरजेपोटी पाळलं जातं. हा भातशेतीचा मुलूख. घरात भात आलं की मागोमाग उंदीर येतात, म्हणून मांजर हवं. पण तेच मांजर म्हातारं झालं की काय, त्याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

आमच्याकडे मनी नावाची मांजरी होती. चौदा वर्षांची, म्हणजे माणसाच्या हिशेबानं सत्तरी ओलांडलेली. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात तिचं वागणं बिघडलं. माळ्यावर जाईना. आईच्या घोंगडीवर घाण करू लागली. अंगाची लव गुंतू लागली. एके दिवशी माझ्या धाकट्यानं तिला उचललं, तर त्याला कडकडून चावली. जखम साबणानं धुऊन त्याला रेबीजची इंजेक्शनं द्यावी लागली. शेजारी म्हणाले, "पोत्यात घाला आणि पाताळगंगेपलीकडे सोडून या." खोटं कशाला सांगू, मी पोतं शोधायलाही लागलो होतो. आई एवढंच म्हणाली, "चौदा वर्षांत चावली नाही. आजच का चावली, ते विचार तरी कुणाला."

गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मानेपासून हात फिरवत कमरेशी आणला आणि मनी फिस्कारली. ते म्हणाले, "हा स्वभाव नाही, दुखणं आहे." सांधे झिजले होते. उडी मारताना कळ यायची म्हणून माळा सुटला, उंच उंबरा ओलांडवेना म्हणून घोंगडी ओली झाली, मान वळवून अंग चाटवेना म्हणून लव गुंतली. आणि पोरानं धरलं होतं ते नेमकं दुखऱ्या जागी.

मांजर लंगडून, कण्हून दुखणं सांगत नाही, ते लपवतं. 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील 100 मांजरांचे एक्स-रे तपासले, तर 90 मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. म्हणजे मनीचं काही जगावेगळं नव्हतं.

प्रत्येक विक्षिप्तपणामागे सांधेच असतील असं मात्र नाही. मांजर सारखं पाणी पिऊ लागलं, लघवी वाढली, तर मूत्रपिंडाची किंवा मधुमेहाची शंका घ्यावी. भरपूर खाऊनही वाळत चाललं, अस्वस्थ फिरू लागलं, तर थायरॉइडची. घास तोंडातून पडू लागला तर दात पाहावेत. अचानक भिंतीला धडकू लागलं तर रक्तदाब वाढून दृष्टी गेलेली असू शकते. रात्री उगाच ओरडणं, घरातल्या घरात वाट चुकणं, हे माणसासारखंच म्हातारपणीचं विस्मरणही असतं. पण तो निष्कर्ष बाकीचे आजार तपासून झाल्यावरच काढावा. आणि बोका कुंथत बसला, पण लघवी होत नसेल, तर एक दिवसही थांबू नये.

तालुक्यात रक्ततपासणीची सोय झाली नाही, तर खोपोली-कर्जतहून लोकलनं परळ गाठता येतं. तिथलं जनावरांचं रुग्णालय 1883 पासूनचं आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. एका गोळीनंही जीव जाऊ शकतो.

घरी करायचं ते सोपं आहे. आम्ही उंबऱ्याच्या आतच एका पसरट घमेल्यात वाळू ठेवली, माळ्याखाली दोन खोकी पायऱ्यांसारखी मांडली, चुलीजवळ कोरडं गोणपाट घातलं, रात्री मंद दिवा ठेवला. दर महिन्याला तिला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. मांजराचं पाव किलो घटलं तरी ती मोठी घट असते. डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषध चालू होतंच.

महिनाभरात घोंगडी कोरडी राहू लागली. मनी पुढे दोन वर्षं जगली. उंदीर तिनं एकही धरला नाही, आणि कुणाला चावलीही नाही. ते पोतं आईनं उसवून, धुऊन तिच्याच अंथरुणाला घातलं होतं.

तुमच्या घरचं म्हातारं मांजर चिडकं झालं असेल, तर त्याला रागवण्याआधी कमरेवरून एकदा हलका हात फिरवून बघा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)