करारी मोरारजी आणि आपला सुवर्णकार समाज

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



वार्षिक संमेलनात एखाद्या मोठ्या पुरुषाचे चरित्र सांगावे, अशी आपल्या संस्थेची जुनी प्रथा आहे. ज्या समाजात नाना शंकरशेठ जन्मास आले, त्या समाजाला चरित्रनायकांची उणीव भासण्याचे कारण नाही. परंतु आज आम्ही जे नाव घेणार आहोत, ते आपल्या उपकारकर्त्यांच्या मालिकेतील नव्हे. किंबहुना ते नाव निघताच आपल्या मागील पिढीच्या कपाळावर आठी उमटत असे. ते नाव म्हणजे मोरारजी रणछोडजी देसाई.

हा विषय काही मंडळींस संमेलनाच्या आनंदप्रसंगी अनुचित वाटेल, हे आम्ही जाणतो. तथापि त्यामागे एक कारण आहे. सुवर्ण नियंत्रणाचा काळ ज्यांनी कर्त्या वयात पाहिला, अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. तरुण पिढीस तो इतिहास ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापाशी बहुधा केवळ राग आहे. शिव्याशाप देणे सोपे, विसरून जाणे त्याहूनही सोपे. पारख करणे मात्र कठीण. आणि पारख हा तर आपला कुलधर्म! समोर आलेला डाग झळाळतो म्हणून आपण तो खरा मानीत नाही, की काळवंडला म्हणून टाकून देत नाही. आपण कसोटीवर रेघ ओढून पाहतो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, जन्मभर फळ्यापुढे उभे राहिलेले शिक्षक. राजकारणाचे पंडित नव्हे. तरीही या पुरुषाच्या चरित्राची एक रेघ आज आपल्यासमोर ओढून पाहण्याचे धाडस करीत आहोत.

मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ रोजी आजच्या गुजरातेतील वलसाड जिल्ह्यात भदेली या गावी झाला. वडील शिक्षक होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून पदवी घेऊन १९१८ साली ते मुंबई प्रांताच्या मुलकी सेवेत शिरले आणि डेप्युटी कलेक्टर झाले. गोध्रा येथील दंगलींच्या प्रकरणात त्यांच्यावर पक्षपाताचा ठपका आला. पुढे १९३० साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते गांधीजींच्या सत्याग्रहात सामील झाले. त्यानंतर कारावास आणि मंत्रिपद यांचा जणू पाठशिवणीचा खेळच सुरू झाला. १९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते होते. १९४६ साली पुन्हा त्यांच्याच मंत्रिमंडळात ते गृहमंत्री झाले. मुंबई राज्यातील दारूबंदी ही त्याच काळातील. १९५२ च्या निवडणुकीत ते स्वतः थोड्याशा मतांनी पराभूत झाले, आणि तरीही त्याच वर्षी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. खादी, शाकाहार, ब्रह्मचर्यव्रत, वेळेचा काटेकोरपणा आणि एकदा मनाशी ठरविले की न बदलणे, हे त्यांच्या स्वभावाचे विशेष होत.

या न बदलण्याचा पहिला मोठा चटका महाराष्ट्राला बसला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी घेऊन लोक रस्त्यावर आले असता २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनच्या परिसरात गोळीबार झाला. पुढे जानेवारी १९५६ मध्ये, मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेनंतर, पुन्हा रक्त सांडले. या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा त्याग केला आणि लोकसभेत गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी केली. तशी चौकशी झाली नाही. आजचा हुतात्मा चौक त्या दिवसांची साक्ष देत उभा आहे.

मोरारजी गुजराती म्हणून मराठी माणसाशी असे वागले, असे पुष्कळांचे मत होते. परंतु न्यायबुद्धीने पाहता एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेतही महागुजरातच्या मागणीसाठी जमलेल्या तरुणांवर गोळीबार झाला, आणि तेथील जनतेने मोरारजींकडे पाठ फिरविली. त्यांनी तेथे उपोषण आरंभिले, पण मागणीपुढे मान तुकविली नाही. स्वप्रांतीयांचा रोषही त्यांनी तसाच पत्करला. तात्पर्य, दोष केवळ प्रांताभिमानाचा नव्हता. आपल्याला जे योग्य दिसते ते लोकांनाही दिसलेच पाहिजे, आणि न दिसल्यास तो लोकांचा हट्ट, अशी ती वृत्ती होती.

हीच वृत्ती १९६३ साली आपल्या भट्टीपर्यंत येऊन पोहोचली. १९५८ पासून मोरारजी केंद्रीय अर्थमंत्री होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती, आणि सोन्याचा भाव भारतात जागतिक भावाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने चोरट्या आयातीस ऊत आला होता. लोकांची सोन्याची ओढच कमी केली म्हणजे तस्करी थांबेल, असा त्यांचा हिशेब. जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली.

चौदा कॅरट म्हणजे काय, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु आपल्यापैकी जी मुले आता संगणकावर काम करतात, त्यांच्यासाठी सांगतो. चोवीस भागांत चौदा भाग सोने आणि दहा भाग हीण. म्हणजे शंभरात अठ्ठावन्नच्या आसपास सोने. बावीस कॅरटात ते एक्क्याण्णवच्या वर असते. हीण वाढले की धातू कठीण होतो. तार ओढताना तुटते, पत्रा ठोकताना चिरतो, बारीक नक्षी उठत नाही, रंगही उतरतो. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या मऊ सोन्यावर काम केले, त्या हातांचे कसबच त्या हुकुमाने निरुपयोगी ठरविले. आणि गिऱ्हाईक? लेकीच्या मंगळसूत्रात असले सोने घालण्यास कोणती आई तयार होणार होती?

हुकूम सोन्याचा साठा करणाऱ्यांसाठी आणि तस्करांसाठी होता. परंतु त्याची झळ बसली ती ज्याच्यापाशी स्वतःचे गुंजभरही सोने नसते, अशा मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराला. मोठा सराफ पेढी आवरून अन्य व्यवसायाकडे वळू शकला. मूस, फुंकणी आणि हातोडी एवढेच ज्याचे भांडवल, त्याने कोणीकडे वळावे? देशभरातील लक्षावधी कारागिरांच्या चुली थंडावल्या. कित्येकांनी जीवनयात्रा संपविल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून आल्या आणि संसदेतही त्यांचे पडसाद उमटले. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले. सरकारने पर्यायी धंद्यांसाठी कर्जे आणि कारागिरांच्या मुलांना शिक्षणात सवलती देऊ केल्या. पण पन्नाशीच्या माणसाचा हात नव्या धंद्यात सहजी बसत नाही.

ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेनुसार मोरारजी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नियम काहीसे सैल झाले आणि १९६६ साली चौदा कॅरटचे बंधन उठले. परंतु १९६८ साली मोरारजी पुन्हा अर्थमंत्री, शिवाय उपपंतप्रधान असताना सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच झाला. परवाने, नोंदवह्या आणि तपासण्या यांचे ओझे मागे राहिले. त्या कायद्यातील काही कलमे पुढे सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. अखेर १९९० साली, कोकणातील राजापूरचे प्रतिनिधी मधु दंडवते अर्थमंत्री असताना, तो कायदा समूळ रद्द झाला. कायद्याचे हेतू साधले नाहीत आणि छोट्या कारागिरांना मात्र जाच झाला, हे सरकारलाच मान्य करावे लागले. सत्तावीस वर्षे लागली! आज चौदा आणि अठरा कॅरटचे दागिने तरुण मुली आपल्या हौसेने निवडतात. जे हुकुमाने झाले नाही, ते आवडीने झाले. राज्यकर्त्यांनी यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल, मग पारख झाली, रेघ खोटी निघाली. थोडे थांबावे. रेघ अजून पुरी ओढून झालेली नाही.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांची तोंडे बंद झाली, सहस्रावधी माणसे चौकशीविना स्थानबद्ध झाली. २६ जूनच्या पहाटे मोरारजींना अटक झाली, तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. १९७७ च्या जानेवारीपर्यंत ते बंदिवासात राहिले. त्या वयात, त्या एकांतात, एखादा शब्द नमते घेऊन लिहिला असता तर कोणी फारसे बोल लावले नसते. त्यांनी तो लिहिला नाही. २४ मार्च १९७७ रोजी, वयाची एक्क्याऐंशी वर्षे पूर्ण झाली असताना, ते देशाचे पंतप्रधान झाले. काँग्रेसेतर पक्षाचे पहिलेच. त्यांच्या कारकिर्दीत चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. केवळ अंतर्गत अशांततेचे निमित्त पुढे करून आणीबाणी लादण्याची वाट तिने बंद केली, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली. आज आपण निर्भयपणे जमून एका माजी पंतप्रधानाविरुद्ध बोलू शकतो, त्या निर्भयतेत या दुरुस्तीचाही वाटा आहे.

वाद मात्र त्यांची पाठ सोडीत नव्हते. जानेवारी १९७८ मध्ये एक हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. पुत्राच्या व्यवहारांविषयी संसदेत आरोप झाले. जुलै १९७९ मध्ये पक्षातील फाटाफुटीने त्यांचे सरकार कोसळले. पुढे एका अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर परकीय हेरखात्याशी संबंधांचा आरोप केला. त्यांनी अमेरिकेत अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९८९ साली तो निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. आणि तरी १९९० साली पाकिस्तानने आपला सर्वोच्च नागरी सन्मान व १९९१ साली भारताने भारतरत्न त्यांना दिले. हे दोन्ही सन्मान लाभणे ही विरळा गोष्ट होय. १० एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, मुंबईत, ज्या नगरीने त्यांना कधी आपले मानले नाही त्या नगरीत, त्यांचे निधन झाले.

आता रेघ पाहू. आमच्या अल्पमतीस असे दिसते की, फ्लोरा फाउंटनजवळचा मोरारजी, चौदा कॅरटचा मोरारजी आणि आणीबाणीतला मोरारजी, ही तीन माणसे नव्हेत. धातू एकच आहे. जो करारीपणा बलवंत सत्तेपुढे वाकला नाही म्हणून आपण वाखाणतो, तोच करारीपणा दुर्बळ कारागिरापुढेही वाकला नाही म्हणून आपण सोसले. सत्तेविरुद्ध उभे राहताना निश्चय हा सद्गुण ठरतो. सत्ता हाती असताना त्या निश्चयाला कानांची जोड नसेल, तर तो घरेदारे उद्ध्वस्त करतो. हातोडीला ऐकू येत नसते; परंतु घाव कोठे बोथट वाजला, कोठे चिरका, हे कारागिराने ऐकावे लागते. मोरारजींनी ते ऐकले नाही. हेतू शुद्ध होता, हे आम्ही मान्य करतो. पण भट्टीजवळ बसणाऱ्या एका तरी माणसास आधी विचारले असते, तर बावीस आणि चौदा यांतील अंतर त्याने एका क्षणात समजावून दिले असते.

म्हणून या पुरुषाचा द्वेष करू नका, आणि त्याची आरतीही ओवाळू नका. त्यापेक्षा दोन गोष्टी करा, अशी आमची नम्र विनंती आहे. पहिली ही की, आपल्या या छोट्या संस्थेतही नियम करताना स्वच्छ व्यवहार एवढ्यावरच समाधान मानू नका. वसतिगृहाचा नियम असो वा शिष्यवृत्तीची अट असो, ज्याच्यावर तो नियम पडणार त्या मुलास, त्या विधवा भगिनीस, त्या मजुरीवरच्या कारागिरास आधी विचारा. दुसरी ही की, १९६३ साल पाहिलेल्या ज्या वृद्ध व्यक्ती आपल्या घरी आहेत, त्यांच्यापाशी या सुट्टीत बसून त्यांच्या आठवणी लिहून काढा. कोणी धंदा सोडला, कोणी चोरून बावीस कॅरटचे काम केले, कोणी मुलाच्या हाती हातोडीऐवजी पाटी दिली, हे सारे लिहा. पुढील वर्षीच्या अंकात ते छापण्यास संस्था जागा देईल, अशी आशा आहे. पाचदहा वर्षांनी विचारावयास कोणी उरणार नाही.