पर्जन्याच्या नोंदी व दानाची वेळ

दुष्काळ हा दैवाचा कोप, असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. तेव्हांपासूनच्या नोंदी पाहिल्या तर १८७७, १८९९, १९१८ व १९७२ सालीं पावसानें दगा दिला, म्हणजे अवर्षण कांहीं नवें नाहीं. मात्र १९०१ ते २०१८ या काळांत देशाची सरासरी उष्णता सुमारें ०.७ अंश सेल्सियसनें वाढली, आणि १९५१ ते २०१५ या काळांत नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारें ६ टक्के घटला. गंगेच्या मैदानांत व सह्याद्रीवर ही घट विशेष दिसली. उलट मध्य भारतांत दिवसाला १५० मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस १९५० ते २०१५ या अवधींत सुमारें ७५ टक्के अधिक वेळां पडला. असें पाणी माती घेऊन वाहून जातें, व उरलेली ओल उन्हानें लवकर आटते.

यास्तव आमची नम्र विनंति आहे कीं, अन्नदान चालूं ठेवावेंच. परंतु देणगीचा एक भाग मृगापूर्वींच तळ्यांतील गाळ काढण्यास, बांधबंदिस्तीस व वैरणीच्या सांठ्यास द्यावा. भुकेल्यास घास देणें हें पुण्य खरें. गांवावर भुकेची पाळी येऊं न देणें, हें त्याहून मोठें.