मोटारसायकलचे मागचे चाक

दुधाच्या किटल्या, खताची गोणी, मागे बसलेली घरची माणसं, वस्तीवरच्या शाळेला निघालेले गुरुजी, या साऱ्यांचा भार मोटारसायकलच्या मागच्या चाकावर जास्त पडतो. आणि पंक्चरवाला असतो दोन कोसांवर. तेव्हा हे चाक घरच्या घरी काढता यावं हे बरं. काढणं मुळीच अवघड नाही. बसवताना मात्र एक जागा अशी आहे, की तिथे विसर पडला तर जिवावर बेतते.

मी सांगतो आहे ते तारांचं चाक आणि ड्रम ब्रेक असलेल्या साध्या गाडीविषयी. १९९४ साली आलेली स्प्लेंडर डोळ्यांसमोर आणा. डिस्क ब्रेक असेल तर आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी. टायर ट्यूबलेस असेल तर साध्या खिळ्यापायी चाक काढण्याचं कारणच नाही.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्या. अंगणातली माती भुसभुशीत असेल तर स्टँडखाली फळी सरकवा. इंजिन बंद, किल्ली खिशात. घरात पोरं असतात, म्हणून सांगतो. सायलेन्सर निवला की कामाला लागावे.

प्रथम ब्रेकच्या दांडीच्या टोकाचा नट काढा. दांडी सुटली, की स्प्रिंग आणि नट पुन्हा तिच्यावरच अडकवून ठेवा, म्हणजे मातीत हरवणार नाहीत. मग ड्रमच्या झाकणापासून गाडीच्या सांगाड्याकडे गेलेली एक लोखंडी पट्टी दिसेल, तिचा नट काढा. त्यात पिन असेल तर आधी ती सरळ करून ओढून घ्या. आता एक्सलचा नट. साखळीच्या बाजूला त्याला लागून आणखी एक मोठा नट असतो. त्याने स्प्रॉकेट धरून ठेवलेले असते, त्याला हात लावू नका. पाना लांब दांड्याचा घ्या, जोर कमी लागतो. गुरुजींना तरफेचा धडा इथेच दाखवता येईल.

एक्सल ओढला की बुश, वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा. चाक ब्रेकच्या बाजूला सरकवले की ते सुटते. साखळी आणि स्प्रॉकेट जागीच राहतात. गाडी जरा कलती धरायला दुसरा माणूस हवा.

ड्रममधली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसून घ्या. लायनरला तेलाचा हात लागू देऊ नका. हबमधली रबरं फाटली असतील तर तीही याच वेळी बदलावीत.

चाक बसवताना उलटा क्रम. स्प्रॉकेटचे दात... साखळीचे नव्हेत बरं का, हबकडचे उंचवटे... रबरांच्या मधल्या खाचांत बसले पाहिजेत. एक्सल घाला, नट नुसता हाताने फिरवा.

आणि आता ती जागा. मघाची लोखंडी पट्टी कशासाठी असते? आपण ब्रेक दाबतो तेव्हा लायनर फिरत्या ड्रमला धरतात, आणि ड्रम त्यांना, म्हणजेच झाकणालाही, आपल्याबरोबर ओढू पाहतो. खुंटीला बांधलेल्या दाव्यासारखी ती पट्टी झाकणाला रोखून धरते. पट्टी जोडलीच नाही, किंवा नट ढिला राहून ती सुटली, तर झाकण फिरते, ब्रेकची दांडी पिळवटते, आणि ब्रेक तरी जातो किंवा धावते चाक तरी अडकते. अंगणात हळू फिरवताना हे कळेलच असे नाही. कळते ते उतारावर, किटल्या भरलेल्या असताना. म्हणून पट्टी जोडा, नट आवळा, पिन असेल तर नवी घाला. जुनी वाकवलेली पिन पुन्हा वाकवली की तुटते.

दांडी जोडून ब्रेकचं पायडल दाबून धरायला सांगा आणि तसंच एक्सलचा नट आवळा, म्हणजे लायनर ड्रमच्या मध्यावर बसतात. दोन्ही बाजूंच्या साखळी ताणायच्या खुणा सारख्या आहेत ना पाहा. साखळीला मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर झोल असावा. नक्की आकडा पुस्तिकेत असतो. झोल तपासताना चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू करून, गिअर टाकून साखळीला तेल लावणारे लोक मी पाहिले आहेत. साखळी आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये सापडलेलं बोट शाबूत राहत नाही.

शेवटी ब्रेकच्या पायडलची ढील पुस्तिकेप्रमाणे लावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले असतात किंवा एबीएस असते. ब्रेक जोडलेल्या गाडीत मागचं पायडल पुढचा ब्रेकही ओढतं, तिथे अंदाजाने फिरवाफिरव नको. पहिली फेरी एकट्याने, रिकाम्या गाडीवर, हळू. दोनचार वेळा ब्रेक दाबून परत या, आणि पाना घेऊन एक्सलचा व पट्टीचा नट पुन्हा एकदा तपासा.