आपला नंबर आपल्या हाती
(मंडळाच्या वर्धापनदिनी अकोला येथे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून माझ्या सूनबाईला हसू आले. "आई, तुम्ही संगणकावर बोलणार?" मी म्हटले, "अगं, ज्याला उशिरा उमजते, त्यालाच दुसऱ्याची अडचण कळते."

२००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे अकोल्या-अमरावतीत संगणकाचे वर्ग निघाले. आमच्या घरी संगणक आला तो बैठकीत, भरतकामाच्या आच्छादनाखाली. चालवायचा मुलांनी, आम्ही धूळ तेवढी पुसायची. २००७ मध्ये आयफोन आणि २०१० मध्ये आयपॅड निघाले, पण ती श्रीमंतांची चैन. आपल्याकडे खरा पालट झाला २०१६ नंतर, इंटरनेट स्वस्त झाले तेव्हा. टेबलावरचा संगणक बटव्यात मावू लागला. होय, फोन हा संगणकच आहे. केवळ बोलण्याचे यंत्र नव्हे.

२०२१ पासून आपला शेतकरी बांधावर उभा राहून कपाशी-तुरीची नोंद ई-पीक पाहणीत स्वतः करतो. नागपूरच्या महाज्योती संस्थेने प्रवेशपरीक्षांच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यांना टॅब दिले आहेत. माझेच पाहा. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी रांगेत उभी राहत असे, आणि भांडी घासून झिजलेला अंगठा यंत्राला पटत नसे! आता फोनसमोर चेहरा धरला की दाखला होतो. हे भाषणही मी नातीच्या टॅबवर बोलले, त्याने ते उतरवून घेतले. जमाखर्चाची लांबलचक पाने मात्र मोठ्या संगणकावरच सोयीची पडतात.

पण एक गोष्ट मनाला टोचते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज फोनवरून भरणे सुरू झाले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनीही भरला. महिना दीड हजार रुपये म्हणजे त्यांच्या संसाराला केवढा आधार! पुढे मी विचारले, "पैसे आले का?" त्या म्हणाल्या, "मले काय मालूम, बाई? नंबर पुतण्याचा हाय. तो सांगन तवा समजन." अर्ज बाईंचा, खाते बाईंचे, आणि निरोप मात्र पुतण्याच्या खिशात!

मी त्यांना उपदेश करायला तोंड उघडले, आणि ओशाळले. माझ्या निवृत्तिवेतनाच्या खात्याला तरी कोणाचा नंबर होता? पुण्याच्या मुलाचा. तो कचेरीत बैठकीत असला की मला आलेला ओटीपी वाया जाई, आणि मी आपली फोन हातात घेऊन बसे. मुलगा गुणी आहे, पण हा प्रश्न गुणाचा नाही. घराची किल्ली शेजारी ठेवावी, तशी मी माझी किल्ली दुसऱ्याकडे ठेवली होती. दुसऱ्याच आठवड्यात बाईंना बरोबर घेऊन मी बँकेत गेले, आणि दोघींनी आपापले नंबर जोडून घेतले. पहिला संदेश आला तेव्हा त्या माउलीने तो तीनदा वाचवून घेतला.

भगिनींनो, पूर्वी संगणक घराचा होता. आता तो एकेकीचा होऊ शकतो. पण हातात फोन असला म्हणजे तो आपला झाला, असे नव्हे. म्हणून तीनच गोष्टी मागते. खात्याला आणि आधारला नंबर स्वतःचा असू द्या. ओटीपी कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगू नका. आणि दुसऱ्याकडून काम करून घेण्याऐवजी, एकदा शेजारी बसून शिकून घ्या.

येत्या महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी मंडळात एक तास फोन शिकण्यासाठी ठेवू या. ज्यांना येते त्यांनी शिकवावे, आणि ज्यांना येत नाही त्यांनी लाजू नये. पहिल्या रांगेत मीच बसणार आहे, आणि शेजारची जागा आमच्या बाईंसाठी राखून ठेवली आहे.